पेलेच्या बेटावर: ‘दंतकथा सहली’चे पैसे वाचवा, पुउ लोआच्या कातळशिल्पांना दीड तास द्या

हवाईच्या बिग आयलंडवर पश्चिमेकडच्या कोनाहून ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाकडे एका दिवसाच्या ‘दंतकथा सहली’ निघतात. माणशी दोनशे डॉलरच्या पुढे. आमच्या वाट्याला जी आली, तिच्यात दंतकथा म्हणून जे ऐकवलं ते एवढंच: ज्वालामुखीची देवी पेले रागीट आहे आणि तिचा दगड घरी नेला की शाप लागतो. बाकी वेळ व्हॅनमध्ये. कोना ते उद्यान हे अंतरच ९६ मैल आहे, म्हणजे येऊन-जाऊन पाच तास नुसते रस्त्यावर जातात.

मुळात ही शापाची गोष्ट जुन्या परंपरेतली नाहीच. ती विसाव्या शतकात, पर्यटक येऊ लागल्यावर पसरली. लोक मात्र घाबरून अजूनही दगड टपालाने उद्यानाकडे परत पाठवतात आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना तो एक उद्योगच होऊन बसला आहे. दगड उचलायचा नाही, हे बरोबरच. पण ते कायद्याने. राष्ट्रीय उद्यानातून खडा नेणंही गुन्हा आहे.

तेव्हा पहिला सल्ला: पूर्वेकडच्या हिलोला उतरा, गाडी भाड्याने घ्या. हिलोहून महामार्ग ११ ने उद्यान ३० मैल, पाऊण तास. प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो, रोख घेत नाहीत. चौघांच्या व्हॅन सहलीच्या पैशांत गाडी, राहणं आणि जेवण यांतलं बरंच काही भागतं.

दुसरा सल्ला: जाण्याआधी दोन कथा नीट वाचून जा. इथल्या कथा हवेत नाहीत, जागेला बांधलेल्या आहेत. जागा माहीत नसेल तर कथा अर्धी, आणि कथा माहीत नसेल तर समोर नुसता काळा खडक.

एक, पेले आणि तिची लाडकी धाकटी बहीण हिइआका. पेले तिला काउआई बेटावरून आपला प्रियकर लोहिआउ याला आणायला पाठवते, चाळीस दिवसांची मुदत देते. हिइआकाची एकच अट असते, माझ्या लेहुआच्या, म्हणजे लाल फुलांच्या झाडांच्या, वनराया आणि माझी मैत्रीण होपोए यांना सांभाळ. मुदत उलटते, पेले संशयाने पेटते, बेटाच्या पूर्वेच्या पुना भागातल्या त्या वनराया आणि होपोए जाळून टाकते. पुढे लोहिआउलाही मारते. हिइआका त्याच्यासाठी विवर खोल खोल खणत जाते, दगड उडत राहतात. भूशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी ही कथा जमिनीशी ताडून पाहिली. पंधराव्या शतकात सुमारे साठ वर्षं चाललेला लाव्हाचा प्रवाह पुनाच्या उत्तर भागातलं जंगल गिळत गेला, जवळपास ४३० चौरस किलोमीटर. आणि त्यानंतर, इसवी सन १५०० च्या आसपास, किलाउएआ या ज्वालामुखीचं शिखर खचून आजचं मोठं विवर झालं. आधी जळालेलं रान, मग खणलेला खड्डा. क्रम तोच. तो प्रवाह आज आइलाआउच्या नावाने ओळखला जातो. पेलेच्या आधीचा, जंगल खाणारा हा अग्निदेव. उद्यानातली नाहुकूची लाव्हा-नळी, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेलं भुयार, त्याच प्रवाहातली. आत चालत असताना हे माहीत असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

दुसरी, कामापुआआची. हा वराहरूपी देव, पावसाचा धनी. पेलेशी त्याचं भांडण झालं आणि शेवटी बेटाची वाटणी झाली: पुना, काऊ आणि कोना हे भाग तिचे, हिलो, हामाकुआ, कोहाला त्याचे. ही वाटणी सामान बांधतानाही उपयोगी पडते. हिलोला वर्षाला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस, कोना विमानतळाच्या आसपास त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. शिवाय उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार १,२०० मीटर उंचीवर. हवाई म्हणून चपला आणि सुती सदरे घेऊन आलेले लोक संध्याकाळी तिथे कुडकुडतात. पावसाचं जाकीट आणि एक गरम कपडा घ्याच.

आता पुउ लोआ, कातळशिल्पांची टेकडी. या एका जागेसाठी मी बाकी सगळं सोडायला सांगेन, आणि नेमकी हीच जागा व्हॅनवाले वाया घालवतात. विवरापासून समुद्राकडे उतरणारा चेन ऑफ क्रेटर्स रस्ता सुमारे १९ मैलांचा, ३,७०० फूट खाली नेणारा. वाटेत पेट्रोल, पाणी, खाणं काहीही नाही. सोळा-साडेसोळा मैलांवर डाव्या हाताला पुउ लोआची पाटी. तिथून कातळशिल्पांपर्यंत ०.७ मैल चालायचं, तेवढंच परत. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वाट म्हणजे लाटांसारखा गोठलेला उघडा लाव्हा, पायाखाली सपाट असं काही नाही, एक झाड नाही, खालून-वरून ऊन. वाट दाखवायला दगडांचे रचलेले ढीग, ‘आहू’. एका आहूपाशी उभं राहून पुढचा दिसल्याशिवाय पाऊल टाकू नका. आमच्या व्हॅनने इथे वीस मिनिटं दिली. वीस मिनिटांत पुढे जाऊन परत येता येत नाही. लोक रस्त्यालगत फोटो काढून गाडीत बसले आणि ‘पेट्रोग्लिफ पाहिले’ अशी नोंद झाली. याला मी फसवणूकच म्हणेन.

दीड तास धरा. सकाळी नऊच्या आत पोचा. माणशी किमान एक लिटर पाणी, घोट्याला आधार देणारे बूट, दोरीने बांधता येईल अशी टोपी, कारण समुद्राचा वारा जोराचा असतो. शेवटी लाकडी फळ्यांची गोल वाट आहे, तिच्यावरून उतरायचं नाही. इथे २३,००० हून जास्त कोरीव खुणा आहेत आणि त्यांत मोठा भाग साध्या वाटोळ्या खळग्यांचा. फोटोत खळगे काहीच वाटत नाहीत, म्हणून लोक माणसांच्या आकृत्या शोधत बसतात. खरी गोष्ट खळग्यांचीच. बाळाची नाळ त्या खळग्यात ठेवून वर दगड ठेवायचा. सकाळी नाळ नाहीशी झाली की बाळाला दीर्घायुष्य. लोककथांच्या अभ्यासक मार्था बेकविथ यांनी १९१४ मध्ये हे इथेच ऐकून नोंदवलं. पिढ्यान्‌पिढ्यांची बाळं या एका टेकडीला बांधलेली आहेत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी ओतणं, खडू फिरवणं हे करू नका. तिरपं ऊन असलं की त्या आपोआप दिसतात. राजापूर-रत्नागिरीची कातळशिल्पं पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

किलाउएआ इकी, म्हणजे मोठ्या विवराशेजारचं लहान विवर: जा, जा, जा. ३.३ मैलांचा फेरा, ४०० फूट उतार आणि तितकाच चढ, दोन ते तीन तास. १९५९ मध्ये इथे लाव्हाचं कारंजं १,९०० फुटांवर गेलं होतं. आज तेव्हाच्या लाव्हा-तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठावरून आपण चालतो आणि फटींतून वाफ येत असते. भेगांमधून ओहिआची झाडं आलेली दिसतील. कथेत ओहिआ नावाच्या तरुणाने पेलेला नाकारलं म्हणून ती त्याला वाकडंतिकडं झाड करते, आणि त्याची प्रेयसी लेहुआ त्याच झाडावरचं लाल फूल होते. फूल तोडलं तर पाऊस येतो म्हणतात. तोडू नकाच, शिवाय एका बुरशीने ही झाडं मरत आहेत, म्हणून आधी आणि नंतर बुटांचे तळवे घासून त्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारा. गाडीतळ सकाळी आठनंतर भरतो.

काऊ वाळवंटातल्या पाऊलखुणा: सोडून द्या. किलाउएआच्या १७९० च्या स्फोटात सरदार केओउआच्या सैन्यातले अनेकजण मेले, ही कथा थरारक आहे. पण येऊन-जाऊन १.६ मैल चालून वाळूने झाकलेल्या राखेत काही दिसेलच असं नाही. फलक वाचून परतायचं असेल तर वेळ पुउ लोआला द्या.

किलाउएआच्या मोठ्या विवरातल्या हालेमाउमाउमध्ये २३ डिसेंबर २०२४ पासून लाव्हाची कारंजी टप्प्याटप्प्याने आली: काही तास उसळायची, मग कित्येक दिवस शांत. त्यांच्या भरवशावर विमानाची तारीख ठरवू नका. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचं रोजचं पत्रक पाहून निघा. दमा असेल तर वाऱ्याची दिशा आधी पाहा, सल्फर डायऑक्साइड त्रास देतो. कारंजं चालू असताना हवेतून काचेचे बारीक धागे पडतात, त्यांना पेलेचे केस म्हणतात. हाताने चोळू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या. कठड्यावर पेलेला म्हणून जिन या दारूची बाटली, नाणी, पानात गुंडाळलेले दगड ठेवणाऱ्यांचं अनुकरण करू नका. उद्यानाची तशी विनंतीच आहे. जुनी रीत ओहेलो या रानझुडपाच्या बोरांची: खाण्याआधी पहिली पेलेला. १८२४ च्या डिसेंबरमध्ये कापिओलानी ही ख्रिस्ती झालेली राजघराण्यातली स्त्री किलाउएआत उतरली आणि ती बोरं न अर्पिता खाल्ली, त्याला धाडस का म्हणत असत ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

हिलोत ग्रंथालयासमोर नाहा शिळा आहे, राजा कामेहामेहाने हलवली म्हणतात ती. फुकट, दहा मिनिटं पुरे. ईस्टरनंतरच्या आठवड्यात मेरी मोनार्क हा हुला या पारंपरिक नृत्याचा उत्सव असतो. हुला हीच या कथा सांगण्याची खरी पद्धत, त्यामुळे जमलं तर तेव्हाच या. मात्र खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि ऐनवेळी दर दुप्पट सांगतात. तिकीट आणि खोली दोन्ही हातात आल्याशिवाय विमान काढू नका.