खांबाचं टोक धूसर करायचं नसतं

चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून काढलेला बस डेपोचा एक फोटो दोन आठवडे झाले माझ्या स्क्रीनवर आहे. ओळीने उभ्या असलेल्या अकरा बस, मधोमध दिव्याचा उंच खांब, आणि एका बसच्या मागच्या चाकाशी बादली घेऊन उकिडवा बसलेला माणूस. हे सगळं टेबलावर मांडलेल्या मॉडेलसारखं दिसायला हवं होतं. पहिल्याच दिवशी फोटोचा वरचा आणि खालचा भाग ब्लर केला, रंग थोडे भडक केले. बस खेळण्यातल्या दिसू लागल्या. नजर मात्र सारखी खांबापाशी अडखळायची.

डोळ्यांना फसवतं काय, तर फोकसची खोली, म्हणजे जवळून लांबपर्यंत किती अंतर फोटोत स्पष्ट येतं ते. समजा, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ८. साडेदहा मीटरवर फोकस केला, तर साधारण पाच मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तीच लेन्स अर्ध्या मीटरवरच्या खेळण्यावर रोखली, तर जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटरचा पट्टा. म्हणून पुढचं-मागचं सगळं विरघळलेलं दिसलं की मेंदू समजतो, वस्तू हाताच्या अंतरावर आहे, म्हणजे ती लहानच असणार. वरून पाहण्याचा कोनही तेच सांगतो, कारण मॉडेल आपण वाकूनच बघतो.

टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवूनही वळवता येणारी लेन्स, तिरकी करून हा परिणाम थेट कॅमेऱ्यातच मिळतो. इटलीच्या ओलिव्हो बार्बिएरी यांनी हेलिकॉप्टरमधून शहरांचे असे फोटो काढले आहेत आणि ते मी तासन् तास बघत बसते. माझ्याकडे ती लेन्स नाही, त्यामुळे सगळं काम कॉम्प्युटरवर, मास्कने, म्हणजे फोटोचा कुठला भाग किती ब्लर करायचा ते आखून.

तर तो खांब. त्याचा बुंधा स्पष्ट पट्ट्यात होता आणि टोक वरच्या धूसर भागात घुसलं होतं. पण टोक काही मागच्या भिंतीइतकं लांब नाही, ते बुंध्याच्या जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे! खरं मॉडेल असतं तर अख्खा खांब स्पष्ट आला असता. सरळ ग्रेडियंटला, म्हणजे वर-खाली हळूहळू वाढत जाणाऱ्या ब्लरला, अंतर कळत नाही, त्याला फक्त फोटोतलं वर-खाली कळतं. (अगदी डोक्यावरून फोटो घेतला असेल तर टोक कॅमेऱ्याच्या जवळ येतं, तेव्हा किंचित ब्लर चालतो. माझा कोन तेवढा नव्हता.)

मग ग्रेडियंट फक्त जमिनीसाठी ठेवला. प्रत्येक उभी वस्तू वेगळी निवडली आणि ती जिथे जमिनीला टेकते तिथला ब्लर तिला वरपर्यंत दिला. खांबाच्या कडेने ब्रश फिरवताना मागच्या भिंतीचा रंग ब्लरमध्ये पसरून खांबाभोवती फिकट वलय तयार झालं. म्हणून खांब आधी कापून वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर घेतला, त्याच्यामागे फोटोत पडलेली रिकामी जागा भिंतीच्याच रंगाने भरली, आणि मग भिंत ब्लर केली. वलय गेलं. बसच्या टपांनाही हेच केलं, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी उरला तो माणूस. स्पष्ट पट्टा मी थोडा खाली सरकवला, म्हणजे त्याची बादली त्यात बरोबर बसेल. आता झूम केलं की बादलीची कडी दिसते, एखाद्या केसाइतकी बारीक, आणि तिला धरलेला हात जणू कुणी चिमट्याने चिकटवलाय.