जांभ्याच्या वाटेवर अनवाणी

माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरून मी चपला पाठपिशवीत टाकल्या, की तिथल्या घोडेवाल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "ताई, चप्पल तुटली का?" पहिल्या वर्षी मी या प्रश्नाला लांबलचक उत्तरे देत असे, आता "नाही दादा, अशीच पळते" एवढे सांगून पुढे निघते. एका वयस्कर घोडेवाल्याने मात्र एकदा मान हलवत म्हटले होते, "या वाटेवर घोड्यालासुद्धा नाल लागते, बाई." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ओझे वाहणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो त्यापेक्षा लवकर झिजतो, म्हणून त्याला नाल ठोकावी लागते. माणसाच्या तळव्याची कातडी मात्र, तिला पुरेसा वेळ दिला तर, घासली जाईल तशी जाड होत जाते. हा वेळ देण्याचीच माझी तयारी सुरुवातीला नव्हती.

माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. खाली काळा बेसाल्ट आणि वर त्याच्याच झिजेतून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाने धुऊन निघून उरलेला, लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेला हा लाल थर. कोवळ्या मातीची वाट झाडांच्या सावलीत पायाला इतकी मऊ लागते, की आपण उगाचच घाबरत होतो असे वाटते. आणि पुढच्याच वळणावर माती वाहून गेलेली असते व उघडा पडलेला, छिद्राछिद्रांचा, खवणीसारखा जांभा समोर येतो. त्याहून फसवे असतात ते जांभ्याचे सुटे, वाटाण्याएवढे गोल खडे. ते टोचतात कमी. पण उतारावर पायाखालून गडगडतात आणि आपल्याला सोबत घेऊन जातात.

पहिल्या हिवाळ्यात माझी समजूत अशी होती, की हा सगळा प्रश्न कातडीचा आहे. तळवे एकदा निबर झाले की कशावरूनही धावता येईल. म्हणून मी तिसऱ्याच आठवड्यात बाजारापासून लुईझा पॉइंटपर्यंत जाऊन परत धावत आले. तळव्यांना काहीही झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या अशा भरून आल्या होत्या, की मी कठड्याला धरून एकेक पायरी आडवी उतरत होते, आणि टाचेमागच्या शिरेचे दुखणे पुढे दीड महिना पुरले. बुटाची जाड टाच इतकी वर्षे जे काम परस्पर करीत होती, ते आता पोटरीवर आणि चवड्यावर येऊन पडले होते. कातडी काही आठवड्यांत तयार होते. स्नायू, शिरा आणि पावलाची लहान हाडे यांना कित्येक महिने लागतात, आणि कातडी आधी तयार होते हीच खरी अडचण आहे, कारण थांबवणारे दुखणे निघून गेलेले असते.

निबर होण्याची कल्पनाही तशी अर्धवटच. नेहमी अनवाणी चालणाऱ्या केनियातील लोकांच्या तळव्यांचा अभ्यास 2019 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता; त्यांची कातडी जाड असूनही तिची संवेदना कमी झालेली नव्हती, असे त्यात आढळले. माझा अनुभवही तोच आहे. खडा आजही पहिल्या दिवसाइतकाच कळतो, फक्त त्याची भीती वाटत नाही. पूर्वी तो लागला की अंग आखडायचे, बोटे वळायची, आणि सगळे वजन नेमके त्या एका टोकावर यायचे. आता गुडघा आपोआप वाकतो, पाऊल सैल पडते, वजन शेजारच्या जमिनीवर वाटले जाते आणि तोवर दुसरे पाऊल पुढे गेलेले असते. यासाठी पावले आखूड आणि भराभर टाकावी लागतात, चवड्याची बाहेरची कड आधी टेकवून टाच हलकेच खाली येऊ द्यावी लागते, आणि जमिनीला मागे रेटा न देता पाऊल नुसते वर उचलावे लागते. रेटा दिला की घासले जाते आणि घासले की फोड येतो. नजर पायाशी नव्हे, तर तीन-चार पावले पुढे असावी. ठेच लागते ती बहुधा पायाखाली पाहणाऱ्याला किंवा गप्पा मारणाऱ्याला. माझ्या अंगठ्याचे नख गप्पांपायीच गेले.

वाळलेल्या पानांच्या थरावर मी धावतच नाही, चालते. खाली मूळ आहे, फुटकी काच आहे की फुरसे आहे, हे पानांवरून कळत नाही. ओली मुळे साबणासारखी असतात. त्यांच्यावर पाय देण्याऐवजी ओलांडून जाणे बरे. पावसात तर अंतर निम्म्यावर आणते, कारण भिजून मऊ झालेली कातडी कोरड्या दिवशी काहीच न करणाऱ्या खडीनेही सोलली जाते, शिवाय दगडांवर शेवाळ असते. वाटेवर घोड्यांची लीद असल्यामुळे धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते हे आपण प्रौढ माणसे सोयीस्करपणे विसरतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये.

देशावरच्या टेकड्यांचा हिशेब निराळा आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मुरूम टोचतो, तो सवयीने जमतो. पण बाभळीच्या काट्यापुढे कसलेही तंत्र चालत नाही, आणि पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवताचे कुसळ एकदा कातडीत शिरले की पुढेच सरकत राहते. तिथे मी बूट घालते. अनवाणी धावणाऱ्यांमध्ये काही जणांना हा धर्मभ्रष्टपणा वाटतो. अबेबे बिकिलाने 1960 साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली हे ते आवर्जून सांगतात. 1964 साली टोकियोत तोच बूट घालून पुन्हा जिंकला, हे सहसा सांगत नाहीत.

माथेरानलाही चपला, चिमटा आणि सुई पाठपिशवीत असतातच. परत दस्तुरीला आल्यावर बाटलीतल्या पाण्याने पाय धुते आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत पावले तपासते, कारण धावताना न जाणवलेला काटा थांबल्यावर बोलू लागतो. तळव्याच्या रेषांत बसलेली लाल माती मात्र पाण्याने निघत नाही, साबणानेही नाही. ती दोन-तीन दिवस घरातल्या पांढऱ्या चादरींवर थोडी थोडी उतरत राहते, आणि त्याबद्दल आईला अजून कोणतेही उत्तर पटलेले नाही.