प्रीमॅच्युअर लेकीला अंगावर प्यायला शिकवताना - माझा अनुभव

लेक ३० व्या आठवड्यातच झाली, वजन १३०० ग्रॅम. तिला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) नळीने दूध द्यायचे आणि मी दर दोन-तीन तासांनी दूध काढत बसायचे, रात्रीसुद्धा, कारण सिस्टरनी सुरुवातीलाच बजावलेलं, बाळ ओढत नाहीये तोवर दूध टिकवणं तुमच्या हातात आहे, रात्रीचं चुकवू नका. चीक, म्हणजे अगदी सुरुवातीचं घट्ट दूध, तर थेंबभरच निघाला, तोही त्यांनी वाया घालवला नाही, तिच्या गालाला आतून लावला.

घरचे सारखे विचारायचे, अगं अंगावर कधी घेणार? पण चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ वा आठवडा येतो, त्याआधी घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे डॉक्टरांनी नीट समजावल्यावर माझी निम्मी घालमेल थांबली.

मधल्या काळात कांगारू केअर. ती फक्त डायपर, टोपी, मोज्यात माझ्या उघड्या छातीवर, वरून शाल. मग ३२ आठवडे झाल्यावर सिस्टर म्हणाल्या आधी सगळं दूध काढा आणि मग लावा, म्हणजे तोंडात भसकन दूध येणार नाही, नुसता सराव होईल. कितीतरी वेळा ती फक्त चाटून झोपली. आणि एका दुपारी दोन-तीनदा ओढलं, थांबली, श्वास घेतला, परत ओढलं आणि गिळल्याचा बारीकसा आवाज आला, मी एक डोळा मॉनिटरवर ठेवून रडतेय!

पकडीचं सांगते, ते खूप महत्त्वाचं आहे. उजवीकडे पाजताना डाव्या हाताने तिची मान आणि खांदे धरायचे, डोकं मागून दाबायचं नाही, उजव्या हाताने स्तनाला आधार. नुसतं निप्पल नाही, काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. दमली की थांबायचं, उरलेलं पालडायने, म्हणजे ती चोचीची छोटी वाटी असते ना त्याने, बाटली अजिबात नाही.

घरी आल्यावरही सासूबाई वाटी-चमच्याने पाजायच्या तेव्हा मी पुढच्या वेळचं दूध काढून ठेवायचे. वजन नीट वाढतंय बघून डॉक्टरांनी चमच्याचं हळूहळू कमी केलं, आणि पूर्ण अंगावर यायला तिची ड्यू डेट उलटून गेली.

ज्यांचं बाळ आत्ता एनआयसीयूत आहे त्यांनी कांगारू केअर कधीपासून देता येईल हे रोज विचारा, संकोच करू नका.