सँटोरिनी सोडून कॉर्फूच का?

ग्रीसला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सँटोरिनी केलं की नाही?" नाही केलं. एप्रिलअखेरीस कॉर्फू या ग्रीक बेटावर गेलो आणि अख्खा दिवस तिथल्या त्याच नावाच्या शहरात नुसते रमतगमत फिरलो. मग कॉर्फूच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सँटोरिनीची पांढरी घरं आणि निळे घुमट डोक्यात ठेवून इथे आलात तर गोंधळाल. 1386 ते 1797 इथे व्हेनिसची सत्ता होती आणि वेढे घालूनही तुर्कांना हे शहर जिंकता आलं नाही. त्यामुळे घरं इटालियन वळणाची: उंच, पिवळट-गुलाबी. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की या खिडकीतून समोरच्या खिडकीत दोरी बांधून कपडे वाळत घालतात. हिवाळ्यात पाऊस भरपूर, म्हणून वसंतात बेट हिरवंगार.

पण मी अडकलो तो स्पियानाडावर. किल्ल्यातल्या तोफांसमोर आडोसा नको म्हणून व्हेनिसवाल्यांनी मोकळं ठेवलेलं हे मैदान. फ्रेंच आले, त्यांनी कडेला पॅरिसच्या धर्तीवर लिस्टन नावाची कमानींची रांग उभारली. मग इंग्रज आले आणि 1823 मध्ये इथे क्रिकेट खेळले. 1864 मध्ये बेट ग्रीसला मिळालं, साहेब गेला, क्रिकेट राहिलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं! त्या दिवशी सामना नव्हता आणि मैदानाचा एक तुकडा पार्किंगने खाल्लाय, तरी कमानींखाली बसून पिच कुठे असेल याचा अंदाज बांधण्यात तास गेला. सोबत त्सित्सिबीरा, म्हणजे आलं-लिंबाचं पेय; तेही इंग्रजांच्या जिंजर बिअरवरून आलेलं. आपल्या आलेपाकाची सवय असेल तर जरा मिळमिळीत वाटेल.

दुपारी जुन्या किल्ल्यात गेलो. आत खांबांचं प्राचीन ग्रीक देऊळ दिसतं. प्रत्यक्षात ते इंग्रजांनी 1840 मध्ये छावणीसाठी बांधलेलं चर्च! वर चढलं की समुद्रापलीकडे अल्बानियाचे डोंगर.

गर्दी चालत असेल तर ईस्टरला जा. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला लोक बाल्कनीतून पाण्याने भरलेली मोठाली मडकी रस्त्यावर आपटतात. खोली मात्र फार आधी बुक करा आणि बाल्कनीखाली उभे राहू नका.