आमचा फ्रेंच दिवस

मार्च उजाडला की शाळेत बाकी सगळे वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसायचे आणि फ्रेंचच्या वर्गातली मुलं मात्र तालमीसाठी रिकाम्या खोल्या शोधत फिरायची. आमचा फ्रेंच दिवस २० मार्चच्या आसपास व्हायचा. १९७० साली याच तारखेला नायजरची राजधानी नियामे इथे फ्रेंच बोलणाऱ्या देशांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. तेव्हापासून या तारखेला महत्त्व आलं आणि आज जगभर ती फ्रँकोफोनीचा, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या जगाचा, दिवस म्हणून पाळली जाते. तयारीतलं पहिलं काम म्हणजे नकाशावर नियामे शोधणं. फ्रेंच म्हणजे पॅरिस आणि आयफेल टॉवर एवढंच मनात घेऊन आलेल्या मुलांचं बोट आधी सहाराच्या दक्षिणेला टेकायचं, याचं मला फार अप्रूप होतं.

मी बरीच वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलं. क्रियापदांचे तक्ते, लिंग, काळ हे सगळं वर्गात घोटून घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पण मुलांच्या तोंडात भाषा बसली ती या दिवसाच्या तालमींमध्ये, असं मी ठामपणे म्हणेन. परीक्षेत एकदा बरोबर लिहिलं की काम भागतं. नाटकातलं वाक्य मात्र महिनाभर रोज म्हणावं लागतं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं.

सगळ्यात जास्त आठवतो तो फ्रेंच नाटककार मोलिएर. ‘ल बुर्ज्वा जांतीओम’ हे त्याचं नाटक १६७० साली शांबोरच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर पहिल्यांदा झालं. त्यातला मस्य जूर्दँ हा श्रीमंत गृहस्थ. त्याला खानदानी म्हणवून घ्यायचं आहे, म्हणून त्याने गाण्याचा, नाचाचा, तलवारबाजीचा, तत्त्वज्ञानाचा असे शिक्षक घरी ठेवले आहेत. तत्त्वज्ञानाचा शिक्षक त्याला शिकवतो काय, तर स्वर! ‘आ’ म्हणताना तोंड मोठं उघडायचं, ‘ई’ म्हणताना ओठांचे कोपरे कानांकडे ओढायचे. आणि जूर्दँ प्रत्येक स्वरावर हरखून जातो. फ्रेंच उच्चार शिकणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला प्रवेश शोधून सापडणार नाही. रंगमंचावर एक मोठा माणूस तेच करत असतो, जे मुलं वर्गात पहिल्या आठवड्यापासून करत आलेली असतात.

त्या प्रवेशातला ‘यू’ सगळ्यांना छळायचा. “मादाम, माझा ‘ऊ’च होतोय,” अशी तक्रार रोजची. मी सांगायचे, ओठ शिट्टी वाजवण्याच्या तयारीत ठेव आणि आतून ‘ई’ म्हण. नाटकातला शिक्षक तर सांगतो की हा स्वर म्हणताना ओठ असे पुढे येतात की कुणाला वेडावून दाखवायचं असेल तर त्याच्याकडे बघून ‘यू’ एवढंच म्हणावं. मुलांनी हे लगेच उचललं. जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, रांगेत मुलं एकमेकांना ‘यू’ करून दाखवू लागली. आठवड्याभरात संपूर्ण वर्गाचा ‘यू’ इतका सुरेख झाला की मी उच्चाराची वेगळी तासिका घेतलीच नाही.

नाटक सुरू होण्याआधी पडद्यामागून लाकडी फळीवर काठी आपटायची, ही फ्रेंच रंगभूमीची जुनी रीत. आधी भराभर ठोके आणि मग सावकाश तीन. त्या काठीला ‘ब्रिगादिये’ म्हणतात. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा होता. भूमिका नको म्हणाला, पण “मादाम, काठी मी वाजवू का?” असं त्याने विचारलं. घरून जाड दांडा आणला, त्याला लाल मखमल गुंडाळली आणि फोटोत पाहिल्याप्रमाणे सोनेरी खिळे ठोकले. ठोक्यांची वेळ चुकू नये म्हणून तो प्रत्येक तालमीला पडद्याआड उभा राहायचा आणि उभ्या उभ्या नाटक ऐकायचा. कार्यक्रमाच्या दिवशी जूर्दँ मध्येच अडला, तेव्हा पडद्यामागून पुढचं वाक्य आलं, अगदी स्वच्छ, घशातल्या ‘र’सकट. पुढच्या वर्षी त्याने ती काठी धाकट्या वर्गातल्या एका मुलीच्या हाती दिली आणि ठोक्यांमध्ये किती थांबायचं हे तिला स्वतः शिकवलं. त्यानंतर ती काठी अशीच एका वर्गाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. कुणाला द्यायची हे मी कधी ठरवलं नाही.

लहान वर्गांसाठी ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या गोष्टी असायच्या. एका वर्षी ‘कासव आणि दोन बदकं’ केली. बदकं काठीची दोन टोकं चोचीत धरतात, कासव मधोमध दातांनी लटकतं, खालून लोक ओरडतात आणि कासवाला बोलल्यावाचून राहवत नाही. तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकांतल्या आजीआजोबांमध्ये कुजबुज सुरू झाली, “अहो, ही तर पंचतंत्रातली!” खरंच आहे ते. १६७८ साली आलेल्या दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ला फोंतेनने स्वतः लिहिलं आहे की यातल्या बहुतेक विषयांसाठी आपण पिलपाय या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋणी आहोत. पिलपाय हे बिदपाईचं फ्रेंच रूप. पंचतंत्राच्या कथा अरबी, फारसी असा प्रवास करत याच नावाखाली युरोपात पोचल्या होत्या.

मुलांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, आणि त्यांना जो फरक सापडला तो माझ्याही लक्षात आला नव्हता. पंचतंत्रात दुष्काळ आहे. तळं आटत चाललं आहे, म्हणून संकट आणि विकट हे हंस आपल्या मित्राला, कंबुग्रीवाला, वाचवण्यासाठी उचलून नेतात. ला फोंतेनचं कासव बिळात राहून कंटाळलेलं आहे. त्याला जग बघायचं आहे, आणि बदकं त्याला चक्क अमेरिकेला न्यायचं आमिष दाखवतात. खालून लोक “कासवांची राणी चालली बघा” म्हणतात आणि “हो, राणीच आहे मी” असं सांगायला ते तोंड उघडतं. “मग ह्याची चूक जास्त मोठी ना, मादाम?” सातवीतल्या एका मुलीने विचारलं. त्यावर तासभर चर्चा झाली, निम्मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. संस्कृती शिकवायची म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या तासाकडे बोट दाखवेन.

सभागृहाच्या कडेने देशांची टेबलं मांडलेली असायची. १८०४ साली स्वतंत्र झालेला हैती, कॅनडातलं बर्फाळ क्वेबेक, बेल्जियम, मादागास्कर. माहिती सांगायची ती फ्रेंचमधून आणि पाठ न करता, एवढी एकच अट. सेनेगलच्या टेबलावरच्या मुलीने सेंगोर निवडला होता. कवी, स्वतंत्र सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष आणि १९८३ साली फ्रेंच अकादमीवर निवडून आलेला पहिला आफ्रिकी. ही अकादमी १६३५ पासून फ्रेंच भाषेची राखण करते आहे. “वसाहतीचं राज्य ज्या भाषेत चाललं, तिच्याच अकादमीत तो गेला. मग ती भाषा आता कुणाची?” असं तिने तक्त्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर विचारलं. पाहुण्यांनाही तिने सोडलं नाही.

आकड्यांचा लोटोही व्हायचा, म्हणजे आपल्या हाऊजीसारखा खेळ. त्यात बेल्जियमच्या टेबलावरची मुलं आकडे पुकारत. ९० साठी फ्रान्समधलं ‘कात्र-व्हँ-दीस’ सोडून त्यांनी बेल्जियमचं ‘नोनांत’ पुकारलं की सभागृहात एकदम गोंधळ उडायचा. मग कुणीतरी उठून समजावून सांगे, आणि ते समजावणंही फ्रेंचमध्येच व्हायचं.

जानेवारीतला मेळा मात्र घरगुती. ६ जानेवारीच्या सुमारास गालेत दे र्वा, म्हणजे ‘राजांचा केक’, कापायची. गालेतच्या पोटात एक छोटी चिनी मातीची बाहुली लपवलेली असते. वर्गातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला द्यायचा ते तिथून सांगतं, म्हणजे पक्षपाताला वाव नाही. बाहुली मिळेल तो राजा किंवा राणी, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. टेबलाखालून येणारा “पूर मादाम!” (मादामसाठी!) हा आवाज ऐकताना मला दर वेळी भरून यायचं. सहा महिन्यांपूर्वी त्या पोराला ‘बोंजूर’सुद्धा माहीत नव्हतं.

मार्चचा मोठा कार्यक्रम संपला की शेवटी श्रुतलेखन, आणि ते माजी विद्यार्थ्यांसाठी. १८५७ साली मेरिमे या फ्रेंच लेखकाने तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात एक अवघड उतारा सांगितला आणि त्यात खुद्द सम्राटाच्या ७५ चुका निघाल्या, असं सांगितलं जातं. ही हकिगत ऐकवली की कॉलेजला गेलेली, नोकरीला लागलेली माणसं निर्धास्त होऊन बाकांवर बसायची. मी उतारा सावकाश वाचायचे. भूतकाळातलं कृदंत कुठे बदलतं आणि कुठे नाही, याचे सापळे त्यात मुद्दाम पेरलेले असत. ‘आव्हवार’ या सहायक क्रियापदाच्या आधी कर्म आलं की कृदंताला कर्माचं लिंगवचन लागतं, हा नियम ज्यांना मी वर्षभर सांगितला होता तीच मंडळी पेन्सिल चावत बसायची. वह्या तपासायला आठवीची मुलं. लाल पेन हातात, चेहरे गंभीर, आणि प्रत्येक चुकीला नियम सांगायचाच. एका वर्षी एका ‘एस’वरून वाद इतका रंगला की दोन्ही बाजू व्याकरणाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. आठवीची मुलगी बरोबर होती. तिच्यासमोर हरलेला तो आमचा जुना जूर्दँ तिला उभं राहून “ब्राव्हो, मादम्वाझेल” म्हणाला.

श्रुतलेखन जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षीची गोष्ट निवडायची, अशी पद्धत पडली होती. त्या वर्षीच्या विजेतीने ‘कावळा आणि कोल्हा’ जाहीर केली. पाचवीच्या मुलांनी तिला तिथेच घेरलं आणि कोल्हा कोण होणार यावर बोली लागली. खुर्च्या उचलून होईपर्यंत त्यांच्यातल्या तिघांनी पहिल्या चार ओळी पाठही केल्या होत्या.