तुम्ही विचारलंत म्हणून: वायफायला पासवर्ड आहे, मग व्हीपीएन कशाला?

छोट्या ऑफिसांत नेटवर्क लावून देताना हा प्रश्न हमखास येतो. (व्हीपीएन म्हणजे तुमच्या उपकरणापासून सर्व्हरपर्यंतचा कुलूपबंद बोगदा.) ज्यांनी थोडंफार वाचलेलं असतं, ते उलटं विचारतात: "व्हीपीएन टाकलं तर वायफायचा पासवर्ड काढला तरी चालेल ना?"

हा दुसरा प्रश्न वेडगळ वाटतो, पण एके काळी जाणकार मंडळी साधारण हेच करत. १९९७ च्या मूळ वायफायमध्ये डब्ल्यूईपी नावाचं एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करायची पद्धत) होतं. त्यात प्रत्येक पॅकेटसाठी (माहितीच्या छोट्या तुकड्यासाठी) किल्लीला जोडायचा आकडा अवघा २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १.६८ कोटी शक्यता. वर्दळ असली की काही तासांत आकडे संपायचे आणि तेच पुन्हा वापरात यायचे. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी याहून वाईट बातमी दिली: पुरेशी पॅकेटं गोळा केली की मूळ किल्लीच काढता येते. २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाच्या आत आणलं होतं. या काळात लोकांनी ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) सरळ ऑफिसच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलबाहेर काढला आणि आत यायला फक्त आयपीसेक किंवा ओपनव्हीपीएन यांसारखं व्हीपीएन ठेवलं. वायफाय म्हणजे घरासमोरचा रस्ता. कुलूप दाराला लावायचं.

ते धोरण मला आजही पटतं. डब्ल्यूईपीनंतर आलेलं डब्ल्यूपीए२ चांगलंच आहे, पण २०१७ मध्ये त्याच्याही हँडशेकमध्ये (जोडणी होतानाच्या संदेशांच्या देवाणघेवाणीत) 'क्रॅक' ही खोट निघाली. शिवाय सगळ्यांचा पासवर्ड एकच. तो ज्याला ठाऊक आहे आणि तुमचा लॅपटॉप जोडला जातानाची पॅकेटं ज्याने टिपली, त्याला तुमची पुढची वाहतूक उलगडता येते. त्याच्या पुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही सोय राहिली नाही, पण ऑफिसांत जुने राउटर अजून ढिगाने आहेत.

म्हणून मी राउटरवर किंवा एखाद्या छोट्या लिनक्स डब्यावर (संगणकावर) वायरगार्ड हे व्हीपीएन बसवतो. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या किल्लीची नोंद उडवायची, बाकीच्यांना त्रास नाही. वायफायकडून ऑफिसच्या सर्व्हरकडे थेट वाट नाही. डब्याचं ५१८२० हे यूडीपी पोर्ट (नेटवर्कचं दार) तेवढं उघडं. क्लायंटमध्ये (लॅपटॉप किंवा फोनवरच्या व्हीपीएन ॲपमध्ये) ०.०.०.०/०, म्हणजे सगळे आयपीव्ही४ पत्ते, लिहिताना आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चा मार्गही बोगद्यात घाला, नाहीतर ती वाहतूक गुपचूप बाहेरून जाते.

आणि पासवर्ड? तो ठेवाच. प्रिंटर आणि सीसीटीव्हीला व्हीपीएन कळत नाही. उघड्या वायफायवर जिन्यातला माणूसही तुमच्या लॅपटॉपचे शेअर केलेले फोल्डर चाचपू शकतो. खोटे संदेश पाठवून तुम्हाला वायफायवरून हुसकावणाऱ्यालाही व्हीपीएन अडवत नाही. त्यावरचा बंदोबस्त डब्ल्यूपीए३ मध्ये सक्तीचा आहे.

जाहिरातीतली व्हीपीएन ॲप मात्र यासाठी घेऊ नका. त्यांचा बोगदा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन संपतो. तुमच्या टॅलीच्या मशीनपर्यंत कोण पोचतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.