तेरा तासांचं घड्याळ

नवानंतर चार तास गेले की एक वाजतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. गुणाकारही असाच गोल फिरतो: तीन नव्वे सत्तावीस, म्हणजे दोन फेरे मारून ३. घड्याळातले १२, ३, ६, ९ एवढेच आकडे घ्या. कुणाचीही बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर या चौघांतच.

आता तबकडीवर तेरा आकडे मांडा. १, ३, ९ गुणाकारात घरचेच राहतात, पण बेरजेत फुटतात: २, ४, ५, ६, १०, १२. तिघांच्या याहून जास्त बेरजा होऊच शकत नाहीत.

साध्या पूर्णांकांतही हाच हट्ट. १ ते १० मधल्या वेगवेगळ्या बेरजा १९, पण वेगवेगळे गुणाकार ४२. १, २, ४ असे दुप्पट करत ५१२ पर्यंतचे दहा घ्या. गुणाकार १९, बेरजा थेट ५५. दोन्ही एकदम आटोक्यात राहत नाहीत, हे गणितज्ञ एर्डिश आणि सेमेरेदी यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलं. तेरासारख्या मूळ संख्येइतके आकडे असलेल्या घड्याळावर तेच दाखवायला २००४ उजाडलं: बुर्गें, कात्झ आणि ताओ. अट अशी की संच फार मोठा नको. तबकडी जवळपास भरलीच असेल तर वाढायला जागा कुठून आणणार?

युक्ती मात्र झकास आहे. संचातल्या फरकांना फरकांनी भागून गुणोत्तरं काढा. त्यांनी तबकडी पूर्ण भरली, तर वेगळी वाट. नाही भरली, तर शून्यापासून एक-एक मिळवत चालत राहा. संख्या मूळ असल्यानं ही चाल प्रत्येक आकड्यावर पोचते, म्हणून कुठेतरी पाऊल गुणोत्तरांबाहेर पडणारच. त्या आकड्यानं संचाला गुणून मूळ संचात मिळवलं की एकही बेरीज दुसरीशी जुळत नाही. म्हणजे घटकांच्या वर्गाइतक्या बेरजा. आणि त्या तर संचाच्याच थोड्या बेरजा-वजाबाक्या-गुणाकारांतून बनलेल्या! नऊ घटकांच्या क्षेत्रात (म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं आतल्या आत चालतं अशा संचात) ही चाल फसते: तीन पावलांत परत शून्यावर. ०, १, २ तिथे उपक्षेत्र, म्हणजे आतलं छोटं क्षेत्र, बनून निवांत बसतात.

वाढ किती, हा खरा चिवट प्रश्न. ती घटकसंख्येच्या घातांकात मोजतात: १ म्हणजे वाढ नाहीच, २ म्हणजे वर्गाइतकी. गरायेव यांनी २००७ मध्ये घातांक १५/१४ दिला. घटक मूळ संख्येच्या वर्गमुळाहून जास्त नसतील, तर आता ५/४ पर्यंत मजल गेली आहे. लहान संचांसाठी अपेक्षा २ च्या आसपासची.